सार्वजनिक वाचनालयाच्या वेबसाइटवर आणि यूट्यूबवर काय टाकता येतं? कॉपीराइटबद्दल विचारायचं आहे

ग्रंथपाल_परभणी

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं ब वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. शे-सव्वाशे पुस्तकं निजामाच्या राजवटीतली आणि त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांतली आहेत, पानं हात लावला की तुटायलीत. संचालक मंडळाने वेबसाइट आणि यूट्यूब चॅनल काढायचं ठरवलंय. त्यावर टाकायची यादी अशी: ही जुनी पुस्तकं स्कॅन करून, बी. रघुनाथ यांच्या कविता आणि नरहर कुरुंदकरांचे निवडक लेख, वाचनाचं रेकॉर्डिंग करून. आपल्या व्याख्यानमालेचे पडून असलेले सात-आठ व्हिडिओ. आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची पाच-सहा मिनिटांची चित्रफीत, जुने फोटो गूगलवरून घेऊन, मागे एखादं गाणं लावून. शिवाय वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सभासद रोज सकाळी ई-पेपरची पीडीएफ टाकतात, ती चालू ठेवायची का?

मंडळातल्या दोघांचं म्हणणं, खाली "सौजन्य" लिहिलं की झालं, आणि आपण कुठे पैसे कमावतोय. मला ते पटत नाही, पण कायद्याचा आधार देता येईना. नेमकं सांगा, मला ते बैठकीत मांडायचं आहे.

कलम_बावन्न

आधी ते दोन मुद्दे निकालात काढू. "सौजन्य" लिहिल्याने कर्त्याचा मान राखला जातो, परवानगी मिळत नाही. नाव न देणं हा वेगळा दोष (कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५७), परवानगी न घेणं हा वेगळा (कलम ५१). एक टाळल्याने दुसरा टळत नाही. "पैसे कमावत नाही" हे शिक्षेच्या वेळी उपयोगी पडतं. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यात लाभासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं, एवढंच. हक्कभंग हा हक्कभंगच राहतो.

आता मुदत. लेखक, कवी, चित्रकार, छायाचित्रकार यांचा हक्क ते हयात असेपर्यंत आणि मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. ध्वनिमुद्रण, चित्रपट आणि सरकारी प्रकाशन यांना प्रकाशनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. १९९२ पूर्वी ही ६० वर्षं ५० होती, म्हणून जुन्या लेखांत ५० हा आकडा सापडतो; तो धरू नका.

बी. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ ला गेले. मोजणी १ जानेवारी १९५४ पासून, हक्क ३१ डिसेंबर २०१३ ला संपला. कविता वाचा, छापा, स्कॅन करून चढवा, कुणाला विचारायची गरज नाही. फक्त एक फट आहे: जे लेखन त्यांच्या पश्चात पहिल्यांदा छापून आलं, त्याची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात (कलम २४). त्यामुळे संग्रहाचं पहिलं प्रकाशनवर्ष बघा. कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ ला गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०४२ पर्यंत हक्क वारसांचा किंवा त्यांनी ज्याला लिहून दिला असेल त्याचा. अख्खा लेख वाचून यूट्यूबवर टाकायचा तर लेखी परवानगी लागेल.

परवानगीशिवाय काय चालेल? लेखावर चर्चा, समीक्षा करताना उतारे घेता येतात. किती ओळी, ते कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. "दहा टक्के चालतं", "तीस सेकंद चालतं" हे लोकांनी जन्माला घातलेले आकडे आहेत. बघितलं जातं ते असं: उताऱ्याच्या भोवती तुमचं स्वतःचं म्हणणं किती, आणि तुमचा व्हिडिओ पाहिल्यावर मूळ वाचायची गरज उरते का. आठ ओळींची कविता पूर्ण वाचली तर आठच ओळी असल्या तरी ती पूर्ण कलाकृती झाली.

सभागृहातला कार्यक्रम वेगळा. हौशी मंडळींनी, तिकीट न लावता, जमलेल्या श्रोत्यांपुढे कविता सादर केल्या तर कलम ५२ मध्ये सूट आहे. मात्र ती सूट सभागृहापुरतीच. तोच कार्यक्रम मोबाइल लावून लाइव्ह केला की ते "जनतेला प्रसारण" होतं, आणि तिथे ही सूट पोचत नाही. बहुतेक संस्था नेमक्या इथेच फसतात, कारण हॉलमध्ये सगळं बरोबर चाललेलं असतं.

स्कॅनिंगबद्दल तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरी बातमी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला कलम ५२(१)(एन) दिलं: छापील प्रत आधीपासून तुमच्याकडे असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवता येते, हक्क चालू असला तरी. त्याच्याच पुढचा (ओ) खंड म्हणतो की पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. म्हणजे तुटणारी सगळीच पुस्तकं आजच स्कॅन करून हार्ड डिस्कवर ठेवा, बिनधास्त. पण (एन) खंडात शब्द "जतन" आहे. वेबसाइटवर ठेवणं, सभासदांना पीडीएफ पाठवणं त्यात येत नाही. म्हणून दोन फोल्डर करा: "जतन" आणि "मोकळं". वेबसाइटवर फक्त दुसऱ्यातलं.

फीत_आणि_फोटो

वरच्या उत्तरात व्याख्यानाचं राहिलं, आणि तुमच्या यादीत सगळ्यात आधी हात घालू नये अशी वस्तू तीच आहे.

वाचनालयाने मानधन दिलं, हॉल दिला, कॅमेरा लावला, तरी भाषणाचा पहिला हक्कदार भाषण करणारा असतो (कलम १७(सीसी)). शिवाय व्याख्यान देणारी व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत "सादरकर्ता" आहे, तिचा सादरीकरणाचा हक्क ५० वर्षांचा. चित्रीकरण तुमचं, शब्द आणि सादरीकरण त्यांचं. सात-आठ वक्ते असतील तर प्रत्येकाला एक ईमेल. वक्ता हयात नसेल तर वारसांना. पुढच्या व्याख्यानमालेपासून निमंत्रणपत्रातच वाक्य घाला: "व्याख्यानाचे चित्रीकरण वाचनालयाच्या संकेतस्थळावर व यूट्यूब वाहिनीवर कायमस्वरूपी ठेवण्यास संमती आहे / नाही." खाली सही, तारीख. मानधनाच्या पावतीबरोबर हे सहज होतं; दोन वर्षांनी शोधाशोध करत बसण्यापेक्षा बरं.

फोटोंचे तीन प्रकार. मानधन देऊन बोलावलेल्या फोटोग्राफरने काढलेले: वेगळा करार नसेल तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, म्हणजे वाचनालयाचा. सभासदाने हौसेने मोबाइलवर काढलेले: हक्क त्याचा, एक ओळ लिहून घ्या. गूगलवरून उतरवलेले: गूगल शोधून देतो, परवानगी देत नाही. मूळ पानावर जा, कुणाचा आहे बघा. कोपऱ्यातलं नाव किंवा वॉटरमार्क कापून वापरू नका. हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५बी खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

मुक्तिसंग्रामाचे फोटो १९४८ च्या सुमारास छापून आलेले असतील तर मोकळे आहेत. तेव्हाच्या नियमाने फोटोची मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूशी बांधलेली नव्हती, आणि २०१२ ला नियम बदलला तेव्हा ती संपलेली होती. संपलेला हक्क दुरुस्तीने परत जिवंत झालेला नाही. घोळ होतो तो असा: त्याच फोटोला अलीकडे कुणीतरी रंग भरलेले असतात, किंवा तो आजच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या मांडणीसकट उचललेला असतो. ते टाळा, साधी कृष्णधवल प्रत शोधा.

मागचं गाणं. एका गाण्यात निदान तीन थर असतात: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण. अभंग सातशे वर्षांपूर्वीचा असला तरी कॅसेटवरचा गायक, वाद्यमेळ आणि कंपनी आजची असते. तुमच्या गावच्या भजनी मंडळाने जनाबाईंचा अभंग पारंपरिक चालीत म्हटला आणि त्यांनी होकार लिहून दिला, तर सगळे थर सुटले. नाहीतर यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या. तिथेही काही तुकड्यांखाली श्रेय देण्याची अट असते, ती ओळ वर्णनात जशीच्या तशी चिकटवा.

"क्लेम" आणि "स्ट्राइक" यात फरक आहे, तेवढा मंडळाला समजावून ठेवा. क्लेम बहुधा यंत्र लावतं: आवाज जुळला, जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात किंवा व्हिडिओ बंद होतो, चॅनलला धोका नसतो. क्लेम चुकीचा असेल तर आक्षेप घ्या. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला. ९० दिवसांच्या आत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल जातं, सगळ्या व्हिडिओंसकट. खरा हक्क नसताना प्रति-नोटीस (काढलेला व्हिडिओ परत लावण्याची मागणी) टाकून बघू, असं करू नका. त्यावर तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो आणि तो कोर्टात जाऊ शकतो.

लातूर_नोट्स

ई-पेपरचं मी सांगतो. बंद करा. ई-पेपरचं वर्गणीचं पान उतरवून त्याची पीडीएफ ग्रुपवर फिरवणं म्हणजे अख्ख्या अंकाची नक्कल वाटणं. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात टेलिग्रामला चॅनल काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये स्पर्धा परीक्षेच्या नोट्स आणि व्हिडिओ फुकट वाटणाऱ्यांच्या बाबतीतही तेच झालं: नाव, नंबर, आयपी पत्ता न्यायालयात द्या. "ग्रुपवर कोण बघतंय" असं म्हणणाऱ्यांना एवढं दाखवा. ग्रुपवर बातमीची लिंक टाकली तर अडचण नाही. वाचनालयात छापील अंक येतोच, कात्रण फलकावर लावा, मजेत.

आपल्याकडं अभ्यासिका असंल तर एक सांगून ठेवतो. लातूर-नांदेडकडं क्लासच्या नोट्सचे गठ्ठे झेरॉक्स करून अभ्यासिकेत ठेवायलेत. शिक्षकाने शिकवताना किंवा विद्यार्थ्याने शिकताना नक्कल केली तर सूट आहे, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या खटल्यात २०१६ ला ती रुंदही धरली गेली. पण ती शिकवण्याच्या ओघातली. अख्खी गाइडं स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवून सगळ्या तालुक्याला लिंक वाटली तर त्याला शिकवणं म्हणत नाहीत. बालभारतीची पुस्तकं पाठ्यपुस्तक मंडळाच्या साइटवरून फुकट उतरवता येतात, तरी ती आपल्या साइटवर चढवायची नाहीत. आतल्या पानावर हक्क राखून ठेवल्याचं छापलेलं असतं. मंडळाची लिंक द्या, काम भागतं.

ग्रंथपाल_परभणी

फार उपयोग झाला, धन्यवाद. दोन गोष्टी अजून. जुन्या पुस्तकांवर काहींवर शके आहे, दोन-तीनवर फसली साल (निजामाच्या काळातलं महसुली वर्ष) आहे, ते कसं धरायचं? आणि परवानगीपत्रात नेमकं काय लिहायचं? वकिलाकडे जायची ऐपत नाही.

जुनं_बाड

शकात ७८ मिळवा. शके वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून शके १८७२ म्हणजे मार्च १९५० ते मार्च १९५१. महिना छापलेला नसेल तर पुढचं साल धरा, मुदत एक वर्ष जास्त मोजली गेली तरी बिघडत नाही. हैदराबाद संस्थानातल्या फसलीत ५९० मिळवा: फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. तिथेही पुढचंच साल.

आता पुस्तक हातात घ्या आणि आतलं पान उघडा, जिथे प्रकाशक, मुद्रक, किंमत छापलेली असते. त्यावरून चार नावं एका वहीत उतरवा: लेखक, अनुवादक, प्रस्तावनाकार, मुखपृष्ठ व आतली चित्रं काढणारा. प्रत्येकापुढे मृत्यूचं साल. पुस्तकाचा हक्क एक नसतो, या प्रत्येकाचा आपापला असतो. मूळ संस्कृत, अनुवाद १९६० चा आणि अनुवादक १९९० ला गेला, तर तो अनुवाद २०५० संपेपर्यंत बंद. पैठण-आपेगाव-नरसीच्या संतांची संहिता मोकळी, पण "सार्थ" आवृत्तीतला अर्थ ज्याने लिहिला त्याचा. निव्वळ अक्षरजुळणीला आपल्याकडे वेगळा कॉपीराइट नाही, त्यामुळे मजकूर मोकळा असेल तर पानाचा फोटो जसाच्या तसा चढवायला हरकत नाही.

"सर्व हक्क प्रकाशकाधीन" असं छापलेलं असलं तरी मुदत लेखकाच्या मृत्यूवरूनच मोजतात. ते फक्त परवानगी कुणाकडे मागायची एवढं सांगतं. आणि गॅझेट व गॅझेटिअर एक समजू नका. शासकीय राजपत्रातला मजकूर उद्धृत करता येतो. जिल्हा गॅझेटिअर हा शासनाने काढलेला ग्रंथ आहे, १९७१ ला छापलेला असेल तर ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हक्क शासनाचा.

स्कॅन ३०० डीपीआयला, रंगीत. कृष्णधवल केलं की पिवळ्या पानावरची फिकट शाई जाते. पुस्तक काचेवर दाबू नका, कणा तुटतो. वरून कॅमेरा आणि खाली इंग्रजी व्ही आकाराचा पाळणा करा, पुठ्ठ्याचाही चालतो.

विकिस्रोत किंवा विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या संस्थेचे पुस्तकांचे आणि चित्रांचे मोफत संग्रह) चढवणार असाल तर एक खाच. त्यांचे सर्व्हर अमेरिकेत, ते तिथलाही हक्क तपासतात. १ जानेवारी १९९६ ला भारतात जे पुस्तक हक्काखाली होतं, त्याला अमेरिकेत प्रकाशनापासून ९५ वर्षं मिळतात. म्हणून १९४८ चं पुस्तक, लेखक १९५३ ला गेलेला, भारतात मोकळं असूनही कॉमन्सवरून काढलं जाऊ शकतं. भारतात होस्ट केलेली तुमची स्वतःची साइट असेल तर हा प्रश्न येत नाही.

उलट कॉमन्सवरचे वेरूळ-अजिंठ्याचे फोटो तुम्हाला वापरता येतील, क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवान्याच्या अटीसकट. श्रेयओळ अशी: "कैलास लेणे. छायाचित्र: (तिथलं वापरकर्तानाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०, कडा कापल्या आहेत." परवान्याच्या नावाला त्या पानाची लिंक जोडा, आणि काय बदल केला ते लिहाच. "एसए" असेल तर तुम्ही त्यात फेरफार करून केलेलं पोस्टरही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं; दुसरीकडच्या फोटोवर "एनडी" (फेरफाराला मनाई) असेल तर फेरफार केलेली प्रत टाकायची नाही.

कलम_बावन्न

परवानगी लेखी हवी (कलम ३०). २०१२ पासून सहीची सक्ती नाही, ईमेल चालतो. व्हॉट्सॲपवरचं "हो हो, टाका" पुढे मागे शोधणं कठीण, म्हणून तो होकार ईमेलवर मागून घ्या. पत्रात मुदत आणि क्षेत्र लिहिलं नाही तर कायदा मुदत ५ वर्षं आणि क्षेत्र भारत धरतो. वेबसाइट जगभर दिसते, म्हणून दोन्ही शब्द लिहाच. असं पुरे:

"'(लेखाचं नाव)' या माझ्या / माझे वडील (नाव) यांच्या लेखाचे अभिवाचन ध्वनिमुद्रित करून (वाचनालयाचं नाव) यांच्या संकेतस्थळावर व यूट्यूब वाहिनीवर, संपूर्ण हक्क-मुदतीसाठी, जगभरात, विनामोबदला ठेवण्यास परवानगी देत आहे. ही परवानगी अनन्य नाही. इतरांना देण्याचा माझा हक्क अबाधित आहे. श्रेय पुढीलप्रमाणे द्यावे: ... मजकुरात बदल करू नये."

तारीख, नाव, नातं. वारस तीन असतील तर तिघांचा होकार, नाहीतर दोघांनी तिसऱ्याला दिलेलं अधिकारपत्र. प्रकाशकाला आधी विचारा की हक्क त्यांच्याकडे आहे का. त्यांच्याकडे बहुधा छपाईचाच असतो, ध्वनीचा लेखकाकडेच राहिलेला असतो. शेवटचं वाक्य, अनन्य नसल्याचं, गाळू नका. त्यामुळे वारस लवकर तयार होतात.

ग्रंथपाल_परभणी

बैठकीआधी एका पुस्तकावर हे लावून बघतो, चुकलं तर सांगा. शके १८७२ ची कादंबरी. लेखक १९६३ ला वारले. प्रस्तावना एका प्राध्यापकांची, ते १९८८ ला गेले. मुखपृष्ठ दीनानाथ दलाल. आत चित्रं नाहीत. एकूण १९२ पानं, पैकी प्रस्तावना ९.

जुनं_बाड

कादंबरी १ जानेवारी २०२४ पासून मोकळी. प्रस्तावना ३१ डिसेंबर २०४८ पर्यंत बंद. दलाल १९७१ ला गेले, मुखपृष्ठ ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. पूर्ण १९२ पानं आणि मुखपृष्ठ "जतन" फोल्डरात ठेवा. "मोकळं" मध्ये ९ पानं वगळून १८३ ची फाइल करा आणि मुखपृष्ठाच्या जागी साधं टाइप केलेलं शीर्षकपान लावा. प्रस्तावना का नाही ते त्याच पानावर एका ओळीत लिहा, नाहीतर वाचक फाइल अर्धवट आहे म्हणून फोन करत राहतील.